बॉनेटवरची हळद

हदगावजवळ एका स्कूटीला मोटारीची मागून धडक बसली. मागे बसलेली मुलगी जागीच मेली. स्कूटी चालवणारे तिचे वडील वाचले. मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो.

धडक बसली, असं मी आज लिहितो. त्या सकाळी ते एका माणसाशिवाय कोणालाच मान्य नव्हतं.

वडील गावात शिलाईचं दुकान चालवत. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकत होती. सुट्टी संपवून परत निघाली होती आणि तिला हदगावच्या स्टँडवर बसमध्ये बसवून द्यायला ते निघाले होते. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला. आरशात पांढरी गाडी दिसली, तिच्या बॉनेटवर पिवळं स्वस्तिक होतं, एवढंच ते सांगत. पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात या जबाबाला आधार देणारं काही सापडलं नाही. काच नाही, बंपरचा तुकडा नाही, साक्षीदार नाही. स्कूटीचा मागचा भाग वाकला होता, पण ती पुलाच्या कठड्यावरही आदळली होती. त्यातून लग्नसराई होती. आदल्या रात्री दुकानातलं मशीन पहाटेपर्यंत चालू होतं, हे सगळ्या गावाने ऐकलेलं.

"डुलकी लागली साहेब," आमचे जमादार म्हणाले. "आन आता बापाला ते पचंना. म्हणून गाडी दिसून राहिली त्याला."

आई जबाब द्यायला आली तेव्हा नवरा-बायको एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. ती नवऱ्याशी बोलत नव्हती. जे विचारायचं ते जमादारांकडे बघून विचारत होती.

"त्यांना म्हणावं, डोळा लागला होता तर एकदा सांगून टाका. मी काही करणार न्हाई. ताट वाढून राहिले, पुढंबी वाढीन. पर खरं सांगा म्हणावं."

नवरा जमिनीकडे बघत होता. ती बाहेर गेल्यावर तो माझ्या टेबलाजवळ आला. "साहेब, म्या झोपलो असन तर तसं लिव्हा. मी सही करतो. पर शोधून लिव्हा."

पुढे तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून ठाण्यात येऊ लागला. काही विचारायचा नाही. फाटकाजवळ सायकल लावून उभा राहायचा आणि ठाणे अंमलदाराने नाही अशी मान हलवली की परत जायचा. त्या सायकलचा स्टँड वाजला की माझं हातातल्या कागदावरून लक्ष उडायचं. मी खिडकीपाशी जायचो, परत येऊन बसायचो. घरी पुस्तक उघडलं तरी पान उलटत नसे.

रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या गाड्या भरपूर होत्या. आमच्या भागात दर दुसरी गाडी पांढरी. नांदेड आणि लातूरच्या गॅरेजांत आम्ही विचारणा केली, ठोकलेली गाडी दुरुस्तीला आली का? सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि खरंच सांगितलं.

खबर आली ती लातूरच्या एका हवालदाराकडून. त्याच्या ओळखीचा एक कार सजावटवाला बोलता बोलता म्हणाला होता, "ठोकलेली न्हाई आली, पण एकाची फिल्म लई घाईत काढून दिली." मी जमादारांना घेऊन लातूर गाठलं.

गाडीच्या रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म चिकटवतात, ती मला ऐकून माहीत होती. दुकानदार पोट सुटलेला, बोलका गृहस्थ. समोर दुसऱ्या एका गाडीची जुनी फिल्म काढायचं काम चालू होतं. गरम हवेचं यंत्र फिरवून कोपरा सैल करायचा, मग फिल्म वर न उचलता पृष्ठभागालगत आडवी, सावकाश ओढायची, मध्येच पुन्हा ऊब द्यायची. राहिलेला डिंक पातळ द्रावणाने भिजवून मऊ फडक्याने पुसायचा.

"जुनी फिल्म म्हंजे जुनी सोयरीक साहेब," दुकानदार म्हणाला. "थंडपणी तोडायला गेलात तर चामडी घेऊन जाते. ऊब द्यायची, घाई न्हाई करायची."

"आम्ही आरोपीला तसंच बोलतं करतो," जमादार म्हणाले.

"ऊब देऊन?"

"चहा देऊन."

दुकानदार मनापासून हसला आणि मग त्याला आम्ही कशासाठी आलो ते आठवलं. गिऱ्हाईक उदगीरचं होतं, धान्याच्या व्यापारातलं. एरवी लोक फिल्म पिवळी पडली तरी अजून एक वर्ष जाऊ द्या म्हणतात. याला त्याच दिवशी, सगळ्या गाडीची काढून हवी होती, आणि रंगाला धक्का लागता कामा नये असं बजावून सांगत होता. पुढच्या बाजूला घासलेलं होतं, पोचा नव्हता. कुंपणाला लागली म्हणाला. बॉनेटवर स्वस्तिक होतं का, असं मी विचारलं.

"होतं की. दर दसऱ्याचं. रंगावरची हळद धुऊन निघते, या फिल्मात मुरली की मुरली."

"फिल्म कुठं आहे?"

"कचऱ्यात. त्यानं सोताच गोळा करून नेऊन टाकली, घंटागाडी घेऊन गेली असल."

उदगीरच्या त्या माणसाला नोटीस दिली. तो स्वतः गाडी घेऊन हदगावला हजर झाला. तिशीतला, नम्र, इस्त्रीच्या शर्टातला. त्या दिवशी हदगावच्या बाजारात आलो होतो, हे त्याने लपवलं नाही. गाडी आम्ही उन्हात उभी करून तपासली. रंगावर एक रेघ नव्हती. दुकानदाराने काम इतकं नीट केलं होतं की पुरावा कातडीसारखा सोलून निघून गेला होता.

"फिल्म जुनी झाली, काढली. गुन्हा हाय का साहेब?"

"स्वस्तिक होतं तुमच्या गाडीवर."

"दसऱ्याला सगळेच काढतेत. तुमच्या जीपवर बी दिसलं मला."

खरं होतं. त्याला सोडावं लागलं. संध्याकाळी फाटकाजवळ सायकल उभी राहिली. अंमलदाराने मान हलवली.

पुढच्या रविवारी मी नांदेडला घरी होतो. माझ्या पत्नीने बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवलेली निर्माल्याची पिशवी काढून हातात दिली. गोदावरीवर नेऊन सोडणं हे माझं ठरलेलं काम होतं. पिशवीत सुकलेल्या झेंडूबरोबर जुन्या कॅलेंडरचं फाटलेलं पान होतं, देवाचं चित्र असलेलं.

"हे कशाला? रद्दीत नाही चालणार?"

"देवाचं चित्र रद्दीत टाकतात का हो?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी चपला घालून तसाच उभा राहिलो. मग जमादारांना फोन केला.

उदगीरच्या पोलिसांना कळवून, पंच आणि महिला शिपाई बरोबर घेऊन, आम्ही त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. मुलगा तिला अव्वा म्हणत असे. पोलीस बघून ती घाबरली नाही, पाणी विचारलं. मी विचारलं, गाडीवर दसऱ्याला स्वस्तिक कोण काढतं?

"मीच काढते. हळदीत थोडं तूप घालून. गाडीचं प्लास्टिक काढलं तवा तेवढं कापून आणलं यानं. मीच शिकवलेलं हाय, स्वस्तिक कचऱ्यात जाऊ द्यायचं न्हाई."

"मग कुठं ठेवलं?"

तिने मागच्या दारातली पिशवी दाखवली. नदीला जाणं झालं नव्हतं. वाळलेल्या फुलांमध्ये फिल्मचा घडी घातलेला तुकडा होता. पंचांसमोर उलगडला. मध्ये स्वस्तिक, आणि खालच्या कडेला फाटलेल्या जागी निळा रंग. स्कूटी निळी होती. तुकडा मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. रंग जुळला.

त्याच्या चौकशीला नंतर फार वेळ लागला नाही. तुकडा उलगडला तेव्हा तो घरातच आईसमोर उभा होता, आणि निम्मं तिथंच संपलं होतं.

"बाकीची टाकली साहेब. तेवढं कचऱ्यात टाकायला हात झाला न्हाई."

"पोरगी रस्त्यात टाकायला झाला की," जमादार म्हणाले.

त्याची आई भिंतीला टेकून खाली बसली. एका आईला खरं सांगता यावं म्हणून मी दुसरीच्या घरात आलो होतो, आणि पंचनामा लिहिताना माझा पेन दोनदा थांबला.

शिलाईवाल्याला आणि त्याच्या बायकोला मी ठाण्यात बोलावलं. पुन्हा तोच बाक, तीच दोन टोकं. मी सगळं सांगितलं. बायकोने मला विचारलं,

"मंग यांचा डोळा लागला नव्हता?"

"नाही. गाडी होती. यांनी सांगितली तशीच होती."

ती नवऱ्याकडे वळली. माफी वगैरे तिने मागितली नाही. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं न्हाई," एवढंच म्हणाली. तो रडायला लागला तो त्यावर. मी आणि जमादार बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

नोकरीत मी समजत होतो की तपास गुन्हेगारासाठी असतो. या प्रकरणाने मला दाखवलं की कित्येकदा तो ज्याच्यावर कसलाही गुन्हा दाखल नाही अशा माणसासाठी असतो. माणूस गुन्हा लपवतो तेव्हा त्याचं सगळं शहाणपण त्यात उतरतं, पण घरातून आलेलं वळण त्याला लपवता येत नाही, कारण ते वळण आहे हे त्याला ठाऊकच नसतं. आणि वाईट माणसाच्या अंगात चांगलं वळण असू शकतं, हे मी त्यानंतर गृहीत धरलं.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी हे लिहायचं म्हणतोय. भेटायला आलेले लोक विचारतात, ती कशी गेली, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगतो. सांगितल्याने काही कमी होत नाही. तरी सांगावं लागतं, आणि नेमकं सांगावं लागतं. शोधून लिव्हा असं तो माणूस म्हणाला होता, ते मला तेव्हा निम्मंच कळलं होतं.

मध्यंतरी हदगावला जाणं झालं तेव्हा त्याच्या दुकानावरून गेलो. बायको आता दुकानात काजं-बटणं करायला बसते. दोघं कुठल्याशा ब्लाउजच्या मापावरून वाद घालत होते. मी आत गेलो नाही.

मुलगी नाही. ती दोघं एकमेकांशी बोलतात.