चव्वेचाळिसावी खुर्ची

सगळे ज्यांना काका म्हणत त्यांचं काम सभागृहात खुर्च्या मांडायचं, आणि कार्यक्रम संपला की उचलायचं. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. खाली जिन्याजवळ माझं टेबल. साहित्यात एम.ए. केल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम: बुकिंग घ्यायचं, पावती फाडायची आणि काकांना आकडा कळवायचा.

आकडा म्हणजे किती माणसं येणार तो. काकांना बाकी कशाशी घेणंदेणं नसे. भाषण आहे की गाणं, हे ते विचारतही नसत.

“किती?”

“चौऱ्याऐंशी,” पहिल्या आठवड्यात मी एकदा म्हणाले.

“फोड.”

“काय फोडू?”

“आकडा. दोनाने जातो?”

“जातो. बेचाळीस.”

“परत?”

“एकवीस.”

“आता दोन संपला. तीनाने?”

“सात.”

“सात फुटत नाही. काय काय हाताला लागलं? दोन, दोन, तीन, सात. आता हे चौघं दोन मुठींत वाटून टाक.” त्यांनी दोन्ही मुठी माझ्यासमोर धरल्या. “या मुठीत रांगा. या मुठीत एका रांगेतल्या खुर्च्या. दोन, दोन, तीन एकीकडे घातले की बारा. दुसरीकडे सात उरला. बारा-बाराच्या सात रांगा. सातच्या मुठीत एक ‘दोन’ घालून चौदाच्या सहा रांगाही होतात, पण चौदावा माणूस भिंतीला चिकटेल.”

त्या खोलीत एका रांगेत तेराच खुर्च्या मावतात. दोन्ही बाजूंना जायला वाट ठेवावी लागते.

शाळेत याला मूळ अवयव म्हणत. मी ते पेपरात लिहिले होते आणि विसरले होते. काका त्यांच्यावर रोज माणसं बसवत होते.

रांग अर्धवट राहिलेली त्यांना खपत नसे. शेवटच्या रांगेत चार खुर्च्या आणि पुढे मोकळी जमीन, असं दिसलं की दात पडलेलं तोंड बघितल्यासारखा चेहरा करत. पण सगळे आकडे फुटत नाहीत. एकोणतीस फुटत नाही. एक्केचाळीस फुटत नाही. अशा आकड्यांना ते ‘आडमुठे’ म्हणत. आकडा आडमुठा आहे हे त्यांना पटकन कळे. दोन, तीन, पाच आणि सात, एवढ्यांनीच भागून बघायचं. शंभरीच्या आत त्याच्या पुढे जायचं कारण नाही.

“का पण? अकराने जात असेल तर?”

“अकराने गेला तर त्याचा जोडीदार दहाच्या आतलाच असणार ना? त्याला आपण आधीच गाठलेलं असतं.”

मग आडमुठा आकडा आला की ते एक खुर्ची वाढवत. एकोणतीसच्या तीस करत. पाच रांगा, सहा खुर्च्या. एका खुर्चीने काम झालं नाही तर आणखी वाढवत.

“एक कमी केली तरी चालेल की,” मी म्हणाले होते.

“आणि उभं कोण राहणार? तू?”

वाढवलेली खुर्ची रिकामी राहिली तर तेही वाईट दिसतं. म्हणून तीत ते स्वतः बसत. फुटणाऱ्या आकड्याच्या दिवशी काका दाराबाहेर स्टुलावर असत, आडमुठ्या आकड्याच्या दिवशी आत. अशा रीतीने त्यांनी मुतखड्यावरचं व्याख्यान ऐकलं होतं, विमा एजंटांचा मेळावा पाहिला होता आणि एका निवृत्त न्यायाधीशांच्या सगळ्या गझला ऐकल्या होत्या. “त्रेपन्न जणांनी तिकीट काढलं होतं,” ते म्हणाले होते. “मला काय, बसावं लागलं.”

ती मुलगी माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी तिला ओळखत नव्हते. माझ्याच वयाची. उंच. खांद्यावर गुंडाळलेला पांढरा पडदा, हातात पत्र्याची पेटी. सावल्यांचा खेळ करते म्हणाली. एकटीच. दिवा, पडदा आणि पुठ्ठ्याची चित्रं.

“किती माणसं?”

“त्रेचाळीस.”

“पन्नास लिहू? वाढली तर?”

“वाढणार नाहीत. तिकिटंच त्रेचाळीस छापलीत.” मग जाता जाता थांबली. “खुर्च्या अजून तेच लावतात ना?”

“काका? हो.”

“त्यांना आकडा नीट सांगा.”

मी वर जाऊन सांगितलं. काका स्टुलावर चढून पंखा पुसत होते.

“त्रेचाळीस.”

त्यांचे ओठ हलले. दोन नाही. तीन नाही. पाच नाही. सात सक बेचाळीस, एक उरतो. मला वाटलं, आता चव्वेचाळीस म्हणतील. अकरा-अकराच्या चार रांगा.

“असला आकडा कोण देतं?”

“सावल्यांचा खेळ आहे. एक मुलगी आली होती. पडदा घेऊन.”

त्यांनी फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

“बेचाळीस लावतो,” ते म्हणाले.

“मग एक जण उभा राहील, काका.”

“राहू दे.”

दुपारी मी त्यांच्या घरी जेवायला जाते. घर सभागृहाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. काकूंना मी बोलता बोलता हे सांगितलं. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“कळलं नाही तुला?”

“काय?”

“आमची पोरगी ती.”

मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. ती बाहेरगावी असते, असं काका सांगत. पुढे विषय बदलत.

काकूंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. मुलगी या खुर्च्यांमध्येच मोठी झाली. शाळेतून आली की बापाबरोबर आकडे फोडायची. एकदा एक्क्याण्णव माणसं यायची होती. काकांनी दोनाने बघितलं, तीनाने, पाचाने. त्या दिवशी अंगात ताप होता, सात राहून गेला. आकडा आडमुठा समजून ते वाढवत वाढवत शहाण्णवपर्यंत गेले आणि बाराच्या आठ रांगा मांडून बसले. पोरगी दप्तर टाकून म्हणाली, “तेरा साती एक्क्याण्णव, बाबा.” काकांनी तापात सगळ्या खुर्च्या परत मांडल्या. सात रांगा, तेरा-तेराच्या. नंतर कितीतरी दिवस भेटेल त्याला ते हेच सांगत होते.

तिने गणित घेतलं. शेवटच्या वर्षाला सोडून दिलं आणि सावल्यांचे खेळ करणाऱ्या मंडळींबरोबर गेली. काका म्हणाले, अर्धवट सोडणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही. ती म्हणाली, बरं. तेव्हापासून दोघंही शब्दाला जागत होते.

“दोघं एकाच मातीचे,” काकू म्हणाल्या. “पत्र पाठवलं असतं तर यांनी फाडलं असतं. फोन केला तर उचलत नाहीत. म्हणून हा आकडा. तिला ठाऊक आहे ना, आडमुठा आकडा असला की बाबा आत बसतात. बोलावलंय तिने त्यांना.”

“आणि ते बेचाळीस लावणार म्हणतायत.”

“त्यांनाही कळलं म्हणून,” काकू म्हणाल्या. “जेव तू.”

मला जेवण गेलं नाही. मी चार वर्षं कविता वाचल्या होत्या, त्यांच्यावर टिपणं काढली होती. एका आकड्यात निरोप मावतो आणि त्याला नकारही आकड्यातच देता येतो, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

खेळ संध्याकाळी होता. काकांनी बेचाळीस खुर्च्या मांडल्या. सहा रांगा, सात-सात. नेहमीसारखी दोरी धरून पाहिली. एक खुर्ची गुडघ्याने बोटभर मागे ढकलली. मुलगी समोर पडदा बांधत होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. रांगा मोजायला तिला एक क्षण पुरला. मग ती पेटी उघडून बसली.

माणसं आली. मी दारात तिकिटं घेत होते. बेचाळीस झाली. खुर्च्या भरल्या. काका बाहेर स्टुलावर जाऊन बसले.

त्रेचाळिसावं तिकीट घेऊन काकू आल्या.

नवी साडी, हातात पाकीट. त्या दाराशी थांबल्या, आत पाहिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“तू इथे काय करतेस?” काका स्टुलावरून म्हणाले.

“तिकीट काढलंय.”

“जागा नाही.”

“दिसतंय मला. उभीच बघते. गुडघे काय, घरीही दुखतातच.”

“हे स्टूल घे.”

“नको. तुमचं स्टूल तुम्हाला लखलाभ.”

शेवटच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. एक जण उठू लागला, त्याला काकूंनी हाताने बसवलं. तेवढ्यात मुलगी पडद्यामागून बाहेर आली. सरळ मागे, जिथे खुर्च्या रचून ठेवतात त्या कोठीत गेली, एक उचलून घेऊन आली. सहाव्या रांगेच्या मागे ठेवली. मधोमध. एकटी.

“बस आई.”

काकू बसल्या.

मुलगी पडद्यामागे गेली. जाताना तिने बापाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ते काय बघतायत हे तिला माहीत होतं.

दिवे काकांनी मालवायचे होते. ते आत आले, बटणांच्या फळीशी उभे राहिले. एक पेटता ठेवून बाकीचे बंद केले. मग परत लावले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते त्या खुर्चीकडे बघत होते. सहा नीट रांगा, आणि मागे ती एक.

“काका, उशीर होतोय,” मी हळूच म्हणाले.

“हे काय असं?” ते म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही. मग मोठ्याने, “जरा सगळ्यांनी उठा बरं.”

“का हो?”

“उठा. दोन मिनिटं लागतील.”

त्रेचाळीस माणसं उठली. कोणी कुरकुरलं, कोणी हसलं. एका बाईने विचारलं की खेळ सुरू झाला का. काकांनी ती एकटी खुर्ची उचलली, मागच्या दोन रांगा मोडल्या आणि पुढच्या चार रांगांना खुर्च्या जोडत गेले. दोन इकडे, दोन तिकडे. मीही उचलू लागले. सातच्या रांगा अकराच्या झाल्या. चौथ्या रांगेत मात्र दहाच भरल्या.

ते कोठीत गेले. चव्वेचाळिसावी खुर्ची घेऊन आले, रांगेच्या टोकाला ठेवली आणि गुडघ्याने सरळ केली.

“बसा आता,” लोकांना म्हणाले.

सगळे बसले. काकू शेवटून दुसऱ्या खुर्चीत. तिच्या पलीकडची रिकामी. काका त्या रिकाम्या खुर्चीमागे, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे.

“अहो,” काकू पुढे बघतच म्हणाल्या, “लोक खोळंबलेत.”

“दिवे कोण बंद करणार?”

“मी करते,” मी म्हणाले.

ते बसले. मी दिवे घालवले. पडद्यावर आधी एक हात दिसला, त्याच्या मुठीतून एक पाखरू निघालं. पुढचा खेळ मी नीट पाहिला नाही. मी अंधारात चौथ्या रांगेचं टोक शोधत होते.

खेळ संपला, माणसं गेली. काकू जिन्याच्या कठड्याला धरून उतरल्या. मुलगी पडद्याच्या घड्या घालत होती. काका खुर्च्या एकात एक रचत होते. मी पहिल्या दोन खुर्च्या हातात घेऊन तशीच उभी राहिले.

“रांगा सरळ होत्या,” ती म्हणाली.

“दुसरीतली चौथी पुढे आली होती.” ते खुर्च्या रचत राहिले. “त्या घोड्याचा पाय मध्येच दिसेनासा होत होता.”

“पुठ्ठा फाटलाय. चिकटवायला हवा.”

“मग चिकटव. अर्धवट काय ठेवायचं.”

तिने पेटी बंद केली. कडी बसली नाही, ती तिने परत लावली. दारापर्यंत गेली.

“पुढच्या महिन्यात आहे अजून एक खेळ.”

“किती?”

“सत्तेचाळीस.”

त्यांचे हात थांबले. ओठ हलले. दोन. तीन. पाच. सात.

“अठ्ठेचाळीस लावतो,” काका म्हणाले, आणि पुढची खुर्ची उचलली.