बाईंनी आणलेला समुद्र

परवा अकोल्याला भावाने हौसेने विकत घेतलेला एक जुना नकाशा माझ्यासमोर उलगडला. पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आली, तो मार्ग त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवला होता. कापडाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्या वासासरशी मी अमरावतीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन बसले.

तिथेही असाच नकाशा होता. भूगोलाच्या बाई त्या मार्गावरून पट्टी फिरवत होत्या, तेवढ्यात भाजीवाल्यांची सुमन उठली.

"बाई, तुमी समुद्र पायला काय?"

पन्नाशीच्या बाई लाजल्या. "नाही वं पोरी."

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या वर्गात आल्या त्या बाटली घेऊनच. एकट्याच रेल्वेने मुंबईला जाऊन आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर दोन थेंब ओतले. आम्ही चाटले, तोंडं वाकडी केली आणि पोट धरून हसलो.

तेव्हा वाटलं, बाई आमच्यासाठीच गेल्या होत्या. आज त्यांच्या वयाची झाल्यावर तसं वाटत नाही.

"भेव नाही वाटलं, बाई?" सुमनने विचारलं होतं.

"वाटलं ना! पयली लाट आली तं मी पयाली," बाई खुशीत म्हणाल्या, "दुसरीले मात्र उभीच रायली."