पिवळ्या फायली आणि आत्याची गोळी

तिला ऑफिसात सगळे ‘शंकेखोर’ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर कमीच म्हणायचे. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं हा तिचा धंदा. नवं औषध आलं की अर्ध्या रोग्यांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली, आणि मग हिच्यासारखी माणसं डोकं लावून बसतात की पडलेला फरक औषधाचा की नशिबाचा. ही खोड घरीदारीही सुटत नसे. मैत्रिणीनं ओळख करून दिलेला एक मुलगा कॉफी पिता पिता म्हणाला, “मला राग येतच नाही.” हिनं विचारलं, “किती वर्षांच्या निरीक्षणावरून?” तो अर्धा कप टाकून निघून गेला. गेला ते बरंच झालं म्हणा!

तिला पुरून उरायची ती एकटी आत्या. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून आत्यानंच तिला वाढवलं. आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवायची. आवाज असा खणखणीत की शिकणाऱ्याच्याच नव्हे, शेजारून जाणाऱ्याच्याही पायाखाली ब्रेक दाबला जायचा. पण पंचाहत्तरी उलटली आणि हृदयानं कुरकुर सुरू केली. घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आत्या थांबायची आणि वर म्हणायची, “दमले नाहीये, भिंतीचा रंग बघतेय.”

मग नवी गोळी सुरू झाली. योगायोग असा, की त्या गोळीची चाचणी भाचीच्याच संस्थेनं केलेली. काही महिन्यांनी आत्या न थांबता वर आली आणि दारातूनच ओरडली, “बघ! आहे का अजून शंका?”

“आहे. एका माणसावरून काही ठरत नाही.”

“मेले, मी एक माणूस का? मी तुझी आत्या आहे!”

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माशी शिंकली. हृदयाच्या डॉक्टरांनी त्या चाचणीचा सविस्तर अहवाल वाचला. एकूण निकाल चांगला होता. पण खाली एक तक्ता होता, त्यात रोग्यांचे बारीक बारीक गट पाडले होते: बाया, पुरुष, तरुण, म्हातारे, लठ्ठ, सडपातळ. त्यातली एक ओळ म्हणत होती, पंचाहत्तरीपुढच्या बायकांना गोळीचा उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, “बंद करून बघू या.” आत्यानं पाकीट खणात ढकललं. पुन्हा जिन्यात भिंतीचा रंग बघायला लागली.

धाप परत आली हाच पुरावा, असं म्हणायला भाचीचं मन धावत होतं. पण तसं म्हणाली असती तर ती कसली शंकेखोर? तिनं तक्ता काढला आणि स्वतःला नेहमीचे प्रश्न विचारले. हा गट चाचणीआधी ठरवला होता का? नाही, नंतर पाडला. असे गट किती पाडले? ढीगभर. या बायकांचा निकाल इतरांपेक्षा वेगळा दिसतो, तो फरक नशिबानं पडू शकेल इतकाच आहे का? हो, सहज. आधीच्या एखाद्या चाचणीत असं दिसलं होतं? कुठेच नाही. घरचं माणूस मध्ये आहे म्हणून तिनं सगळं एका सहकाऱ्याकडून पुन्हा तपासून घेतलं. तोही तेच म्हणाला.

मग तिला एक युक्ती सुचली. चाचणीतल्या रोग्यांच्या कागदपत्रांना चार रंगांच्या फायली होत्या. दुकानात ज्या रंगाच्या मिळाल्या त्या आणलेल्या, बस. तिनं रोग्यांचे फायलीच्या रंगावरून गट पाडले आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी वाचलं. “पिवळ्या फायलीवाल्यांना गोळी अपायकारक? ही काय थट्टा आहे?”

“आकडे खरे आहेत. पिवळ्या फायलीवाल्यांची गोळी बंद करायची का?”

डॉक्टर हसले, पण माणूस काही कच्चा नव्हता. “फाईल म्हणजे पुठ्ठा. वय शरीरात असतं. म्हाताऱ्या बाईचं शरीर खरंच वेगळं वागू शकतं.”

“शकतं,” ती म्हणाली. “म्हणून त्याची वेगळी चाचणी व्हायला हवी. शंका मी सोडत नाहीये. पण चालू गोळी बंद करायला ही एक ओळ पुरत नाही.”

डॉक्टरांनी कागद घडी करून तिला परत दिला. “बरं. सुरू करा. पण तुमच्या आत्याबाईंना समजावणं तुमच्याकडे.”

हे काम सोपं असतं तर हवं काय होतं! आत्या खुर्चीत टेकून बसली होती, ओठ घट्ट. “मोठ्या लोकांनी छापलंय ना, आमच्यासाठी नाही ती? मग नाही. उगाच आशेला लावू नका मला.”

भाचीनं फायलींची गोष्ट सांगितली. आत्या हसली नाही. तिनं भलताच प्रश्न विचारला. “माझ्या वयाच्या बायका किती होत्या त्यात?”

“मूठभर. म्हणून तर निकाल डळमळतो.”

“मूठभरच का?”

“त्यांना येणंजाणं जमत नाही, इतर दुखणी असतात... म्हणून घेत नाहीत.”

“वा रे वा! जेवायला बोलवायचं नाही आणि वर म्हणायचं, हिला भूकच नाही!” असा आवाज चढला की खालचा शेजारी जिन्यात आला. त्याला हातानंच घालवून आत्या पुन्हा टेकली. तिला धाप लागली होती. “आता खरं सांग. तुला खात्री आहे?”

“नाही,” भाची म्हणाली. “इतक्या सगळ्यांच्या निकालावर भरवसा ठेवणं जास्त शहाणपणाचं, एवढंच सांगू शकते.” आणि मग तिचा बांध फुटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर शंका घेतलेली बाई लहान मुलासारखी रडायला लागली. “मी चुकले तर? आत्या, तुला काही झालं तर मी काय करू?”

आत्यानं तिला जवळ ओढलं. “अगं वेडे. लहानपणी तू तापानं फणफणायचीस, मी तुला कडूजार औषध पाजायचे. गुण येईल की नाही, मला कुठे ठाऊक होतं? डॉक्टर म्हणायचे, मी पाजायचे, आणि उशाशी भीत बसून राहायचे. तू मात्र नाक मुरडत का होईना, तोंड उघडायचीस.” तिनं खणाकडे बोट दाखवलं. “आण ते पाकीट. आणि त्या डॉक्टरला सांग, पुढच्या चाचणीत म्हाताऱ्या बायका लागतील तर मी आणून देते, गाडीत घालून.”

भाचीनं डोळे पुसले, गोळी काढली, पाण्याचा पेला भरला. आत्यानं मुकाट्यानं आ केला.