पिवळ्या दिव्यावरचा निळा कागद

तुम्ही रोज ज्या गाडीतून कामाला जाता, तिच्या चालकासमोर कोणते दिवे जळत असतात, हे कधी पुढे वाकून पाहिलंय?

मी पाहिलं होतं. त्यांतल्या एका दिव्याचा अर्थही मला कळला होता. तरी मी गप्प बसले. शिवाय तो दिवा झाकायला कागद कापून दिला तोही मीच. म्हणून हे लिहिते आहे.

मी पत्रकांत वाढले. बाबा काम आटोपून आले की खळीचा डबा आणि कामगार संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडायचे. विहाराच्या ओट्यावर बसून मी आणि ताई पत्रकांच्या घड्या घालायचो. गुलाबी, पिवळी, निळी. उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर मी शाळेची गणितं केली. अक्षरओळखसुद्धा तिथूनच झाली, त्यामुळे शाळेत बाई 'क' कमळाचा म्हणायच्या तेव्हा मला 'क' कामगाराचा आठवायचा. घरात एक शिस्त होती: छापलेलं जे हातात येईल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. आणि घरात एक शिवी होती: लगाम. कुणी मालकापुढे मान खाली घातली की बाबा म्हणायचे, "त्यानं लगाम घालून घेतला." बस, त्या माणसाचा निकाल लागला.

बाबा आता गाडी चालवतात. सात जणांची, जुनी घेतलेली, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी मोठी गाडी. कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या पाच बायकांना रोज सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं. त्या पाचांत माझी ताई. ती रोज एकाच जागी बसायची, मधल्या रांगेत डावीकडे, खिडकीशी.

आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, कागदावर मंजूर आहे. रस्ता मात्र अजून काळ्या मातीचा आहे. नाल्यावरून घरांकडे येताना एक चढ लागतो. गेल्या पावसाळ्यात त्या चढावर गाडी रोज अडायची. बाबा ॲक्सिलरेटर दाबायचे तसा इंजिनाचा आवाज वाढण्याऐवजी खाली बसायचा. समोर एक पिवळा दिवा लुकलुकायचा, त्यात छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. ताई बूट हातात घेऊन उतरायची आणि शेजारचे लोक धक्का मारायचे.

स्टँडवरच्या एका चालकानं उपाय सांगितला. मी तेव्हा डबा द्यायला गेले होते.

"काहून चिखलात लोळून राहिला गा?" तो बाबांना म्हणाला. "ते खालचं बटन दाबून धर न. कंपनीवाल्यांनी लगाम लावून ठेवला आहे, तो सुटते. मंग पाह्य गाडी कशी उधळते ते."

लगाम! बाबांना दुसरा शब्द सांगायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी बटन दाबलं. पिवळा दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर जळू लागला. चाकं गरगरली, चिखल मागे भिंतीवर उडाला, आणि खालचं काहीतरी कडक लागताच गाडी धडपडत चढून गेली. बाबा वर पोचून हसले. उपाय खोटा नव्हता, हे आधीच सांगते. गाडी चिखलात रुतली की तेवढ्यापुरतं ते बटन दाबावं लागतं, गाडीच्या पुस्तकातही तसं लिहिलेलं आहे. पण त्याच वाक्यात पुढे लिहिलं होतं की बाहेर पडताच बंद केलेली यंत्रणा पुन्हा चालू करा.

बाबांनी पुढचं वाचलं नव्हतं. पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडली नव्हती.

गाडी बंद करून सुरू केली की चाकांची घसरण रोखणारी ती यंत्रणा आपोआप परत चालू होते. म्हणून बाबा रोज सकाळी तिला बंद करायचे. किल्ली, काचेवर कपडा, मग बटन. पाऊस संपला, चिखल वाळून ढेकळं झाली, हिवाळा आला, तरी किल्ली, कपडा, बटन. स्टँडवरच्या इतर गाड्यांतही तेच. सकाळी सहाला तिथून गेलं तर एकेका काचेआड तो पिवळा ठिपका दिसायचा.

बायकांच्याही तो नजरेत यायचा. पुढच्या सीटवर एक काकू बसायच्या, पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. त्या एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीत बारा महिने दिवाळी आहे काय? हा एक दिवा विझतच नाही."

"जळून राहिला तर जळू द्या न, काकू. तुम्हाले काय तेल टाकावं लागते?"

"मले नाही गा. पण बिघडली असंल तर सांग बाप्पा, मी बसनं जातो."

गाडीत हशा पिकला, पण बाबांना ते लागलं. आपल्या गाडीला कुणी बिघडलेली म्हणावं! त्या रात्री जेवताना ते मला म्हणाले, "तुयाजवळ जाड कागद आहे काय वं? एवढासा."

माझ्याजवळ मी लिहिलेल्या निळ्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी एक पट्टी कापली, दुहेरी घडी घातली आणि खळ लावून दिली. दुसऱ्या दिवशी ती त्या दिव्यावर होती. तिच्यावर माझ्याच वाक्यातली तीन-चार अक्षरं होती, उलटी चिकटलेली. कोणतं वाक्य होतं ते आता आठवत नाही. अंधार असला की कागदाखालून हिरवट उजेड झिरपायचा, म्हणजे दिवा जळतच होता.

पुस्तक मी नंतर वाचलं. गाडी धुताना ते कप्प्यात सापडलं, आणि छापलेलं सोडायचं नाही ही सवय. काही पानं समजली नाहीत म्हणून ओळखीच्या मिस्तरीकडे गेले. त्यांनी एक गाडी वर उचललेली होती. तिच्या चाकाच्या आतल्या बाजूला दात्यांची एक चकती दाखवली आणि तिच्याशेजारी बोटाएवढं एक काळं टोपण.

"हे मोजणारं," ते म्हणाले. "चारही चाकांपाशी एकेक. चाक किती जोरात फिरून राहिलं ते सारखं सांगत राहते."

"कोणाला?"

"एका डब्याले. तो डबा चौघांचा हिशेब जुळवते. तीन चाकं एका चालीनं चालून राहिली अन् एकच भन्नाट सुटलं, तर त्या चाकाखाली पकड नाही, हे त्याले समजते. मंग तो इंजिनाचा जोर कमी करते, अन् त्या एकट्या चाकाले ब्रेक लावते."

"आणि नाही लावला तर?"

त्यांनी मला गाडीखाली वाकायला लावलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक गोलमटोल लोखंडी भाग असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो भाग दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. पण त्याच सोयीत खोट आहे. एक चाक निसरड्यावर गेलं की इंजिनाची ताकद तिकडेच पळते, कारण तिकडे फिरायला सोपं. मला आमच्या वॉर्डातलं नळाचं पाणी आठवलं. जिथे पाइप फुटलेला, तिथेच ते सगळं वाहून जातं, आणि शेवटच्या घरातली बाई रिकामी घागर घेऊन उभी.

"अन् हे ध्यानात ठेव," मिस्तरी उठताना म्हणाले. "गरगर फिरणारं चाक पुढं तर ढकलत नाहीच, पण बाजूलेही धरून ठेवत नाही. गाडी कुठं जायची ते मंग तिचं तीच ठरवते."

हे ऐकून मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. नीट सांगितलं का? आता वाटतं, नाही. ते जेवत होते. मी म्हटलं, "बाबा, ते बटन रोज दाबायचं नसतं."

"तू पत्रकं लिही न पोट्टे. गाडी मी चालवून राहिलो."

"तो लगाम नाही बाबा."

"मंग काय आहे?"

मला उत्तर येत होतं. पण मीही त्यांचीच मुलगी. यंत्र माणसाचा पाय अडवतं, चालकाला न विचारता ब्रेक लावतं, हे मलाही कुठेतरी खटकत होतं. वर मी त्या आठवड्यात कारखान्याच्या गेटवर वाटायचं पत्रक लिहीत होते: बायकांना नेणाऱ्या गाड्या कंपनीनं तपासून घ्याव्यात, एवढीच मागणी. बाहेरच्यांना जाब विचारायला माझ्याकडे शब्द होते. ताटावर बसलेल्या बापाला दुसऱ्यांदा विचारायला नव्हते. ताई ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ दे वं. बाबा इतके वर्ष चालवून राहिले." विषय संपला.

फेब्रुवारीच्या त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले, पत्रकं गेटवर वाटायला. नाल्यापाशी आल्यावर लक्षात आलं की गठ्ठा घरीच राहिला. मी धावत परत गेले. गेट सातला बंद व्हायचं. माझ्यामुळे दहा मिनिटं गेली.

"नेतीणबाई आल्या," काकू म्हणाल्या. "आता गेट बंद झालं तर तूच आमच्या पॅकिंगले बस."

सगळ्या हसल्या. मी मागे बसले, मांडीवर गठ्ठा. माझ्या पुढ्यात ताईची वेणी होती. बाहेर अवकाळी भुरभुर चालू होती, धड पाऊसही नाही. महिनाभराची धूळ आणि रस्त्यावर सांडलेलं तेल तेवढ्या पाण्यात कालवून निघतं आणि धुऊन मात्र जात नाही. तसा रस्ता मुसळधार पावसातल्या रस्त्यापेक्षा वाईट, हेही मला मिस्तरींनी सांगितलेलं होतं. पुढे बाबांसमोर वेगाच्या काट्याशेजारी हिरवट उजेड दिसत होता. मी पूर्ण वाटभर त्याच्याकडे पाहत होते. 'बाबा, आज तरी चालू करा,' एवढंच म्हणायचं होतं. पण उशीर माझ्यामुळे झालेला. तोंड उघडायचा हक्क गेल्यासारखं वाटलं.

वीटभट्टीच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळतो. भट्टीच्या ट्रॉल्या तिथे शेतातून वर चढतात आणि चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतात. आमच्यापुढे एक ट्रॅक्टर होता. बाबांनी त्याला मागे टाकलं आणि समोरून ट्रक दिसला तशी गाडी झटकन डावीकडे घेतली. वेग कमी करायला हवा होता, पण घड्याळ पाहून त्यांनी पाय आणखी दाबला. डावं मागचं चाक त्या मातीवर गेलं. इंजिन एकदम किंचाळलं. तो आवाज मी चढावर ऐकलेला होता. चाक सुटल्याचा आवाज.

मग गाडीचा मागचा भाग रस्ता सोडून बाहेर निघाला. ब्रेक नाही, धक्का नाही, फक्त खिडकीतलं शेत आडवं सरकू लागलं. बाबा स्टिअरिंग फिरवत होते आणि गाडी ऐकत नव्हती. ट्रकचा भोंगा आमच्या अगदी अंगावरून गेला. काकू "माय माय" म्हणत होत्या. ताईनं उजवा हात पुढच्या सीटवर रोवला. डावी बाजू बाभळीवर आदळली.

पाचही जणी जिवंत होत्या. हे मी मोठ्यानं मोजलं, दोनदा. ताईच्या उजव्या मनगटाची हाडं मोडली होती. मी खाली उतरले तेव्हा पत्रकं ओल्या डांबरावर पसरली होती, आणि ट्रॅक्टरवाला त्यांच्यावर पाय ठेवत आमच्याकडे धावत येत होता.

ती यंत्रणा चालू असती तर? मिस्तरींना मी हे विचारलं. त्यांनी खोटी खात्री दिली नाही. टायर गुळगुळीत असले, वेग जास्त असला, तर तीही हरते, म्हणाले. पण त्या क्षणी तिनं बाबांच्या पायाखालचा जोर काढून घेतला असता. सुटलेल्या चाकाला पकडलं असतं. गाडी जराशी बसल्यासारखी झाली असती, दिवा लुकलुकला असता, आणि बाबांनी तिला शिवी देऊन पुढची वाट धरली असती. तेवढंच.

कंपनीनं फळ्यावर लिहिलं: चालकाचा निष्काळजीपणा. मला त्यावर पत्रक काढायचं होतं, पण हात थांबला. माती तशीच टाकणारी भट्टी, सातला बंद होणारं गेट, गाड्या न तपासणारी कंपनी, हे सगळं मी लिहीन आणि सोडणार नाही. आधी निळ्या पट्टीचं लिहायचं होतं.

ताईचं मनगट आता पूर्ण वळत नाही. खोका बांधायला मनगट वळावं लागतं, म्हणून ती घरी आहे. ती डाव्या हातानं पोळ्या लाटते आणि बाबा तिच्याकडे बघत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी त्यांनी नखानं तो कागद खरवडून काढला. खळ पक्की होती, थोडा निळा कोपरा अजून तसाच आहे. किल्ली फिरवली की पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तो विझेपर्यंत बाबा गिअर टाकत नाहीत. "लगाम नाही तो," त्यांनी एकदा आपणहून म्हटलं.

पण स्टँडवर काल सकाळी मी पुन्हा गेले होते. ओळीत उभ्या गाड्या, आत डुलक्या घेणाऱ्या बायका, डब्यांचे वास. आणि चार काचांआड तो स्थिर पिवळा ठिपका. पाचव्या गाडीत त्या जागी कुंकवाची टिकली चिकटवलेली होती. मी काच वाजवली. चालकानं ती खाली केली नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते आहे. उद्या सकाळी गाडीत बसल्यावर पुढे वाका. घसरत्या गाडीचा तो दिवा स्थिर जळत असेल, तर चालकाला म्हणा, "भाऊ, ते बटन आधी परत दाबा." बटन दाबूनही विझला नाही, तर गाडी मिस्तरीकडे न्यायला लावा. त्याच्यावर कागद, टिकली, चिकटपट्टी काहीही असेल, तर ते तुमच्या नखानं काढा. ते हसतील, टोमणा मारतील, इतकी वर्षं चालवतोय म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. मी विचारलं नव्हतं.