राणीची मराठी

बाळांनो, मागच्या रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी इथे चेन्नईत एग्मोरला एक ऐतिहासिक प्रेमपट पाहायला गेलो. त्यातली तंजावरची राणी आपल्या तंजावरी घरातल्यासारखी जुनी मराठी बोलते, तमिळ हेल काढून. लढाईला निघालेल्या नवऱ्याला ती म्हणाली, “मज विसरू नका.” माझी आजी असंच बोलायची. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारी हसू फुटलं. ती माझी पुण्याची मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली, तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, आमचं येणं-जाणं आहे. “तुझी मराठी किती गोड गं,” असं ती नेहमी म्हणायची आणि मी ते खरं मानत आले.

बाहेर कॉफी पिताना एकीला सिनेमा लांबलेला वाटला, दुसरीला दागिने आवडले. पुण्याची मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, ती राणी अगदी तुझ्यासारखी बोलते. नवरा लढाईला चाललाय आणि हिचं आपलं रसमला फोडणी दिल्यासारखं.” तिघीही हसल्या. मीसुद्धा हसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसापासून मी तिच्याशी इंग्रजीतच बोलते. तिने कारण विचारलेलं नाही. काल फोनवर ती म्हणाली, “तुझं इंग्रजी किती छान आहे गं.”

मी थँक यू म्हणून फोन ठेवला.