न फुटलेला चुडा

अंगारे-धुपारे घेऊन येणाऱ्यांना मी आजही दारातूनच पिटाळते. त्यामुळे मी असलं काही लिहितेय म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा... पण आधी ऐका.

चाकणजवळचं निघोजे हे आमचं गाव. नवी राज्यघटना येऊन थोडीच वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ, दादा, पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर मुकादम होता. तिथल्या मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला. हो, मेला. दादा निर्दोष होता असं मी म्हणतच नाही. कोर्टाने फाशीची शिक्षा सुनावली, दयेचा अर्जही फेटाळला गेला.

आजारी माणूस कधी जाईल हे निदान कुणाला ठाऊक नसतं. इथे सरकारने वेळ आधीच कळवलेली! म्हणून त्या सकाळी भावकीतल्या बायका आमच्या अंगणात हजर. माणूस तिकडे श्वास घेतोय आणि ह्या इकडे वहिनीचा चुडा फोडायला बसल्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आगं, येळ झाली. हात ठेव पाट्यावर," चुलती वहिनीला म्हणाली.

"काकू, थांबा की! खबर तरी येऊ द्या," मी ओरडले.

"खबर कशाला? सरकार काय खोटं सांगतंय व्हय?"

काकूने वरवंटा घातला. बांगडी फुटली नाही. पुन्हा घातला... नाहीच. चाकणच्या बाजारात कासाराकडे भरलेल्या साध्या काचेच्या बांगड्या हो! वहिनीचं मनगट काळंनिळं झालं, पण काचेला तडासुद्धा गेला नाही. काकूच्या हातातून वरवंटा गळाला.

"त्यो जित्ता हाय गं..." एवढंच ती म्हणाली.

दुपारी प्रेत आणायला गेलेले काका तुरुंगाच्या दारातून रिकामेच परतले. गळ्यात फास, तोंडावर टोपी, खटका ओढलेला — आणि पायाखालची फळी पडलीच नव्हती! दादाला परत कोठडीत नेलं होतं.

आम्ही वकिलाचे पाय धरले. एकदा मरण भोगून आलेल्या माणसाला पुन्हा कसे मारतील? वकीलसाहेब म्हणाले, "ताई, क्रूर शिक्षा देऊ नये असं घटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि निकालात 'मरेपर्यंत' असं आहे. तो मेला नाही, म्हणजे शिक्षा पुरी झाली नाही."

वा रे न्याय! अर्ज केला, तोही फेटाळला. फळीचं लाकूड फुगलं होतं म्हणे, यात कुणाची चूक नाही.

मी तुरुंगात भेटायला गेले. दादा नुसता पायाने जमीन चाचपत बसला होता.

फाशीची दुसरी तारीख आली, त्या सकाळी काकू आली नाही. वहिनी आपणहून पाट्याशी जाऊन बसली. बांगड्या त्याच, पाटा तोच.

"टिकतील बघा, वन्सं," ती मला म्हणाली.

तिने हात नुसता टेकवला हो, आपटलासुद्धा नाही... आणि सगळा चुडा फुटून पाट्यावर पडला. त्या दुपारी काका दादाचं प्रेत घेऊनच परतले.

काचेचं काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा. पण त्याआधी मला एवढं समजावा — फळीने सोडलेल्या माणसाला पुन्हा त्याच फळीवर उभं करताना त्या लोकांना काहीच कसं वाटलं नाही?