चाकलेट भाऊसाहेब

त्यांचं खरं नाव तहसील कचेरीतल्या पाटीवर असेल, पण ते वाचायची गरज कुणाला पडत नाही. सगळे त्यांना चाकलेट भाऊसाहेब म्हणतात. हे नाव लोकांनी प्रेमानं ठेवलंय, असा त्यांचा समज आहे. तो कुणी मोडत नाही.

टेबलावर काचेची बरणी, तिच्यात लिमलेटच्या गोळ्या. आपण अर्ज पुढे केला की ते चष्मा कपाळावर नेतात आणि कागद न उलगडताच म्हणतात, "साहेब दौऱ्यावर हायेत. तकलीफ झाली तुमाला. घ्या, चाकलेट खा." गोळी हातावर पडली की आजचं काम झालं नाही, हे समजून निघायचं. रांगेतले लोकही एवढंच विचारतात, "दिलं का चाकलेट?"

परवा माझ्यापुढे डोंगरकडा गावची एक म्हातारी होती. निराधार योजनेच्या पगारासाठी खेटे घालत होती. भाऊसाहेबांचा हात बरणीकडे जाताच तिनं पदराची गाठ सोडली आणि नऊ गोळ्या टेबलावर मांडल्या.

"मला दात न्हाईत, लेकरा," ती म्हणाली. "तुझं तुला ठेव. माझा कागद कुठवर आला तेवढं सांग."

भाऊसाहेबांनी एकेक गोळी उचलली, फुंकर मारली आणि परत बरणीत टाकली.

"सोमवारी या, माय."

मग माझा नंबर आला. वरचीच एक काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी आभार मानले आणि बसस्टँडपर्यंत ती चघळत गेलो.